पायाच्या सुजेला डॉप्लर खरंच लागते का?

वडिलांचा एकच पाय सुजलाय, डॉक्टरांनी चिठ्ठीवर व्हीनस डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का हे बघणारी सोनोग्राफी, लिहिलीय आणि तुम्ही विचारताय की साधी सोनोग्राफी नाही का चालणार, हा बिल वाढवायचा प्रकार तर नाही? डॉप्लरच करा. उद्यावर टाकू नका. ‘बिल वाढवायचा प्रकार’ हे शब्द मी घरात ऐकलेत, म्हणून लिहायला बसले.

आमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणीच करायची म्हणून त्र्यंबकला गेल्या आणि चिखलात घसरल्या. घोट्याचं हाड मोडलं, पाच आठवडे प्लास्टर. ते निघालं आणि आठवड्याभरात डावी पोटरी फुगून टणक झाली, हाताला गरम लागायला लागली. सगळ्यांचं म्हणणं एकच, प्लास्टरनंतर सूज येतेच. धाकट्या दिरांचं नाशिकला सिडकोत मेडिकल आहे, म्हणजे घरात अर्धा डॉक्टर. त्यांनी मलम पाठवलं, वर एक मालिशवाल्या बाईही लावून दिल्या. तीन दिवस ती पोटरी दाबून दाबून चोळली. मी बघत राहिले, याचा राग मला आजही माझाच येतो.

चौथ्या दिवशी हाडाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी चोळणं बंद करा आणि आजच डॉप्लर करा. भाऊजींचं उत्तर, “वहिनी, पावणेदोन हजारांचा चुना लागेल. सोनोग्राफी पोटाची असते, पायात काय बघणार?” डॉप्लर हे त्यांना मशीनच्या कंपनीचं नाव वाटत होतं. तो माणूस होता, ऑस्ट्रियन. हलत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी बदलतात, हे १८४२ साली त्यानं मांडलं ते ताऱ्यांच्या रंगाबद्दल, पायाशी त्याचा काही संबंध नव्हता.

रिक्षा केली आणि गंगापूर रोडवरून आईंना कॅनडा कॉर्नरला नेलं. दारात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी. आई म्हणाल्या, “आता माझं कसलं निदान राहिलंय?”

आत अंधार, पायावर गार जेल. डॉक्टरांनी जांघेपासून खाली मशीनचा प्रोब टेकवत दर दोन बोटांवर दाबून बघायला सुरुवात केली. निरोगी शीर दाबली की चपटी होते, शेजारची धमनी मात्र गोल राहून उडत असते. मांडीपर्यंत सगळं चपटं होत गेलं. गुडघ्यामागची शीर मात्र कितीही दाबली तरी मिटेना. मग त्यांनी मशीनवर रंग लावला, म्हणजे वाहतं रक्त पडद्यावर रंगीत दिसतं. भोवती रंग आला, त्या शिरेत नाही. पोटरी पिळली की वर रक्ताचा लोंढा जायला हवा, मशीनमधून ‘फुस्स’ आवाज यायला हवा. काहीच आलं नाही. गुठळी होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मशीन बहुतेक तेच असतं. साध्या सोनोग्राफीत आकार दिसतो, डॉप्लरमध्ये वाहणं कळतं. हलत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, तो फरक नेमका कानाला ऐकू येईल एवढाच असतो, म्हणून तो आवाज. ताजी गुठळी साध्या चित्रात रक्तासारखीच काळी दिसू शकते, त्यामुळे नुसतं बघून भागत नाही. दाबून बघण्याचं काम रंगाशिवायही होतं, तेवढं मान्य. आणि पडद्यावर लाल म्हणजे धमनी, निळी म्हणजे शीर असं समजून घाबरू नका. एक रंग प्रोबकडे येणाऱ्या रक्ताचा, दुसरा लांब जाणाऱ्याचा.

आईंना त्याच दिवशी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली, पुढे तीन महिने गोळ्या. असली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो. तीन दिवस आम्ही तीच चोळत होतो. मेडिकल चालवणं म्हणजे डॉक्टरकी नव्हे, हे मी दिवाळीत सगळ्यांसमोर बोलले आणि वर्षभर अबोला सोसला. परत बोलेन.

चिठ्ठी मात्र नीट वाचा. व्हीनस म्हणजे शिरांची. मधुमेह असेल, चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर आर्टेरिअल, म्हणजे धमन्यांची लिहितात, ती तपासणी वेगळी. पायाच्या डॉप्लरला उपाशीपोटी जावं लागत नाही, पोटातल्या रक्तवाहिन्यांच्या डॉप्लरला बहुधा सांगतात.

हेही सांगायला हवं की प्रत्येक सूज गुठळीची नसते. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, किडनी, लिव्हरकडे आधी बघतात. डॉप्लर करणाऱ्याच्या हातावरही बरंच असतं, पोटरीतली बारीक गुठळी निसटू शकते. रिपोर्ट चांगला आला आणि सूज वाढतच राहिली तर आठवड्याभरात परत करायला लावतात, तेव्हा ‘परत पैसे’ म्हणू नका. आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर डॉप्लरच्या रांगेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आईंचा पाय आता ठीक आहे. कोणी विचारलं की त्या सांगतात, “धाकट्याच्या मलमानं उतरला.”