माळ्यावरच्या स्प्रिंगा आधी खाली काढा

प्रश्न (नाशिकचे एक वाचक, थोडक्यात): वडिलांच्या नावावरची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार मी मित्रांच्या मदतीने घरच्या पार्किंगमध्ये स्प्रिंगा बदलून ४० मिलिमीटर खाली घेतली. महिन्याभराने आरटीओच्या वायुवेग पथकाने अडवून चलान केलं. आता आरटीओची नोटीस आलीय: नोंदणी निलंबित का करू नये, सात दिवसांत खुलासा द्या. शिवाय गतिरोधकावर आपटून ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फुटला, तो विम्याचा दावाही नाकारला गेला. मित्र म्हणतो, आरसीवर उंची लिहिलेलीच नसते, मग गुन्हा कसला? जुन्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत.

उत्तर: स्प्रिंगा भंगारात दिल्या नाहीत, हे फार बरं केलंत. तुमची निम्मी सुटका त्यांतच आहे.

मित्राचा मुद्दा पोकळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल. चार स्प्रिंगांनी मूलभूत वैशिष्ट्य बदलतं का, यावर कोर्टात तासभर बोलता येईल. पण जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या बाजूने कौल दिला, आणि आरटीओतला अधिकारी तोच निकाल पुढे करणार. सात दिवसांच्या नोटिशीला तात्त्विक वाद घालत बसू नका.

दुसरं, कलम १८२अ(४) मधली शिक्षा मालकाला आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पाना तुमच्या हातात होता, पण कायद्याच्या लेखी गाडी वडिलांची. त्यामुळे खुलासाही त्यांच्याच सहीने जायला हवा. हा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटवता येतो. माझ्या मते तसाच मिटवावा.

नोटिशीचं उत्तर सोपं आहे. कलम ५३ खाली अशा कारणासाठीचं निलंबन दोष दूर होईपर्यंतच असतं. म्हणून आधी दोष दूर करा. या वेळी काम गॅरेजमध्येच करून घ्या. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते, आणि हे मी अपघाताचे खटले चालवून सांगतोय. बिल, व्हील अलाइनमेंटचा रिपोर्ट, हेडलाइटचा झोत तपासल्याची नोंद आणि आधीचे-नंतरचे फोटो खुलाशाला जोडा, आणि गाडी तपासणीला आणायची तयारी कळवा. काम सात दिवसांत होत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. तरीही निलंबन झालंच, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. ‘गाडी घेतली तेव्हापासून अशीच होती’ असं मात्र लिहू नका. तपासणीपुरती उंची वाढवून पुन्हा खाली घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

विम्याचं कठीण आहे. २०१० च्या अमलेंदू साहू निकालात, गाडी भाड्याने दिल्यामुळे पॉलिसीची अट मोडली असतानाही कंपनीला दावा पूर्ण फेटाळता येणार नाही, काही रक्कम द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तो आधार घ्या. पण तिथे भाड्याचा आणि अपघाताचा संबंध नव्हता. तुमच्याकडे कंपनी सरळ विचारेल की गाडी ४० मिलिमीटर वर असती तर संप आपटला असता का? म्हणून टेप घेऊन त्या गतिरोधकापाशी जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. (आपल्याकडचे बरेचसे डांबराची पोती उलटी केल्यासारखे असतात.) तो १५ सेंटीमीटर भरला, तर टेपसकट फोटो काढा, उंची न बदललेल्या गाडीलाही तो लागला असता, हे सांगायला तेवढा पुरावा उपयोगी पडेल. नकाराचं लेखी कारण आणि सर्व्हेअरचा अहवाल मागा. कंपनीकडे तक्रार करून भागलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्याला एक वर्षाची मुदत असते.

गाडी मूळ स्थितीत येईपर्यंत रस्त्यावर काढू नका. गॅरेजलाही टो करूनच न्या, आणि टोचं बिल त्याच फायलीत लावा.