पेरूत पाहिलेला साळुंकीएवढा तपकिरी पक्षी हमिंगबर्ड असू शकतो का? भारतात दिसतो का?

हो, हमिंगबर्डच आहे, जायंट हमिंगबर्ड, आणि तुम्हाला कोणी "एवढा मोठा नसतो" म्हणून गप्प केलं असेल तर अजिबात ऐकू नका, कारण माझ्यासोबत अगदी हेच झालंय.

2019 च्या जूनमध्ये मी, ताई आणि भाऊजी पिसाकचे अवशेष बघायला गेलो होतो, कुस्कोपासून तासाभरावर. चढून दम लागला म्हणून बसलो तर समोर तंबाखूच्या जातीचं एक झाड, पिवळी नळीसारखी फुलं, आणि त्यावर हा लांब सरळ चोचीचा पक्षी येऊन हवेत थांबला. पंख चक्क दिसत होते! छोट्या हमिंगबर्डचे नुसते धूसर दिसतात, हा सेकंदाला साधारण 15 वेळाच मारतो. मी ओरडलेच. भाऊजी म्हणाले पाकोळी आहे, हमिंगबर्ड अंगठ्याएवढाच असतो, तुला हौस फार. ते ठाण्यात वीस वर्षं पक्षी बघतायत म्हणून सगळ्यांनी त्यांचंच खरं मानलं, फॅमिली ग्रुपवर माझ्या फोटोखाली पण "पाकोळी" असंच लिहून टाकलं. उडताना पाकोळीसारखा दिसतो हे मान्य, मधेच तरंगतो पण. पण पाकोळी उडता उडता किडे खाते हो, फुलात चोच घालून मध कधी पिते? याचं कंबरेवरचं पांढरं पण मला स्पष्ट दिसलं होतं. लांबी 20 ते 23 सेंमी, म्हणजे साळुंकीच्या जवळपास, वजन मात्र चिमणीएवढं, 20 ग्रॅमच्या आसपास.

राहतो अँडीजमध्ये, इक्वाडोरपासून चिली-अर्जेंटिनापर्यंत, कोरडे डोंगरउतार, झुडपं, कॅक्टस असतील तिथे. भारतात नाही. एकही हमिंगबर्ड भारतात नाही, सगळे अमेरिका खंडातलेच. इथे बागेत जास्वंदीवर येतो तो शिंजीर, त्याला हमिंगबर्ड म्हणणं बंद करा प्लीज.

आणि हो, 2024 मध्ये संशोधकांनी दाखवलं की ह्या खरं तर दोन जाती आहेत. उत्तरेकडची वर्षभर उंचावरच राहते आणि दक्षिणेकडची चिलीत वीण करून पेरूच्या डोंगरात येते, जाऊन-येऊन 8000 किमीच्या वर. त्यामुळे तुमचा नेमका कुठला हे नुसतं बघून सांगता येणार नाही, विशेषतः जून-जुलैत गेला असाल तर, तेव्हा तिथे दोन्ही असू शकतात. माझाही कुठला होता ते मी सांगू शकत नाही. पण पाकोळी नव्हती, आणि भाऊजी इथे असतात, वाचतीलच.