तिप्पट व्याज मागणार कोण?

तुम्ही विचारलंय, लघुउद्योजकाचं बिल ४५ दिवसांत द्यायचा कायदा असताना पुरवठादार मोठ्या कंपन्यांवर विश्वास का ठेवत नाहीत. भोसरीत माझं टर्निंग-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे, म्हणून आतलं सांगतो.

कायदा २००६ चा आणि कडक. करारात काहीही लिहा, ४५ दिवसांच्या वर मुदत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ते मागितलेला माणूस आमच्या गल्लीत तरी मला माहीत नाही. मागितलं की पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, अर्ध्यावर येणार, आणि कारण कुणी सांगणार नाही.

दिवस मोजायची तऱ्हाही बघा. मुदत माल पोहोचल्यापासून धरायची. आमची एक जुनी पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची पावती) निघाल्यापासून धरायची, आणि जीआरएनलाच कधी आठवडा जायचा. मग बिल पासिंग, मग महिन्यातून एकदाच पेमेंट. इकडे जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, पैसे येवोत न येवोत. पार्टी मात्र त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, घेऊन मोकळी!

आयकरात ४३ बी (एच) हे कलम आलं, तेव्हा थोडी हालचाल झाली. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल मुदतीपलीकडे थकवलं, तर पैसे देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे लागू झालं आणि अकाउंट्सवाले आपणहून फोन करून उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) मागू लागले. याला मी विश्वास म्हणणार नाही, ती सीएची भीती.

विश्वास असला की काय होतं ते जपानमध्ये दिसलं. १ फेब्रुवारी १९९७ ला कारिया गावातला, टोयोटाची पुरवठादार असलेल्या आयसिन सेइकीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनायचा, साठा नावापुरता. गाड्यांच्या लाइनी थांबल्या. कितीतरी पुरवठादारांनी नुसती ड्रॉइंग घेऊन व्हॉल्व्ह बनवायला घेतले, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा. रेटची घासाघीस आधी कुणी केली नाही. आठवड्याभरात गाडी रुळावर.

टोयोटा काही धर्मादाय नाही, भाव तीही पिळते. पण खर्च कुठे वाचेल हे दाखवायला तिचा माणूस पुरवठादाराच्या शॉपवर येतो. आम्हाला दरवर्षी येते ती रेट कपातीची मेल.

नवी पार्टी धरणार असाल, तर तिच्या जुन्या व्हेंडरला एवढंच विचारा: ड्रॉइंग बदललं तेव्हा तयार पडलेला माल कुणाच्या अंगावर पडला?