फुलाची जागा हरवते, जीपीएस घेऊ का?

प्रश्न: नमस्कार दादा. मी साताऱ्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि पावसाळा लागला की दर रविवारी रानफुलांचे फोटो काढत डोंगरात असते. कॅमेरा चांगलाय पण जुना, त्यात जीपीएस नाही. घरी येऊन चारशे फोटो बघताना हे कंदीलपुष्प नेमकं कुठल्या टेपाडावर होतं ते काही केल्या आठवत नाही. गेल्या वर्षीची एक जागा यंदा दोन तास शोधली, नाहीच सापडली. रेंज नसली की मोबाईलचं जीपीएस चालत नाही असं ग्रुपवर सगळे म्हणतात, म्हणून वेगळा हँडहेल्ड जीपीएस घ्यायचं मनात आहे. गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स घेऊ की जीपीएसमॅप ६५एस? की अमेरिकेतून भाचा येतोय त्याला इनरिच आणायला सांगू, त्यात एसओएसचं बटण पण असतं म्हणे?
- एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी भाच्याला फोन करा आणि इनरिच आणू नको म्हणून सांगा, बाकीचं मग वाचा. ते यंत्र उपग्रहावरून मेसेज पाठवतं आणि असलं उपग्रहाशी बोलणारं यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन बाईंना याच यंत्रापायी पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या दोन्ही यंत्रांचं तसं नाही, ती उपग्रहांचं नुसतं ऐकतात.

आता ग्रुपवरचं. रेंज नसताना मोबाईलचं जीपीएस चालतं, अगदी फ्लाईट मोडमध्ये टाकला तरी चालतं. फक्त कुठला उपग्रह कधी कुठे असेल याचं पंचांग मोबाईल एरवी नेटवरून पटकन उतरवून घेतो, रेंज नसली की तेच त्याला थेट उपग्रहाकडून हळूहळू ऐकावं लागतं, आणि ते अख्खं पंचांग एकदा सांगून व्हायला उपग्रहाला साडेबारा मिनिटं लागतात. लोक दोन मिनिटं वाट बघतात आणि जीपीएस बंद पडलं म्हणून मोकळे होतात. म्हणून गावातून निघायच्या आधी, रेंज असतानाच, लोकेशन एकदा पकडून घ्यायचं.

तेव्हा माझं ऐकाल तर पहिले दोन रविवार काहीही विकत घेऊ नका. मोबाईल अँड्रॉइड असेल तर जीपीएसलॉगर किंवा ऑस्मअँड, दोन्हीतलं एक टाका, रेकॉर्डिंग चालू करा आणि फोन फ्लाईट मोडवर ठेवा म्हणजे बॅटरी बरीच पुरते. एक मात्र करा, सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर खिशात गेल्यावर फोन ते ॲप गुपचूप मारून टाकतो आणि संध्याकाळी तुमच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे नोंदलेल्या वाटेत, पायथा आणि माथा याच्यामध्ये एक सरळ रेघ असते.

हे सांगतोय कारण यंत्र कुठलंही असो, ते तुमच्या फोटोत काहीच लिहीत नाही. ते फक्त डायरी लिहितं, इतक्या वाजता इथं होतो, तितक्या वाजता तिथं. तिला जीपीएक्स फाईल म्हणतात. कॅमेरा फोटोवर वेळ लिहितो. घरी आल्यावर कॉम्प्युटर दोन्ही वेळा जुळवून फोटोला जागा देतो. म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा, आणि यंत्रांवर तासन्‌तास वाद घालणारे लोक कॅमेऱ्याचं घड्याळ वर्षभर बघत नाहीत.

त्यात मीही आलो. रतनगडाला गेलो होतो, सकाळी सात वाजता रतनवाडीत अमृतेश्वराचे फोटो काढले, साडेबाराला वर नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, बसून भाकरी खाल्ली, आणि रात्री नकाशा उघडून बघतो तर अमृतेश्वराचं आख्खं मंदिर नेढ्यात! साडेदहानंतरच्या तर एकाही फोटोला जागाच नाही. झालं असं की जीपीएक्समधली वेळ जागतिक असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, आणि कॅमेऱ्यातली वेळ भारतीय आहे हे मी सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं. त्यानं सातचे साडेबारा केले, आणि साडेदहाचे चार, तोवर मी खाली उतरून ट्रॅक बंद केलेला.

साडेपाच तासांची चूक निदान दिसते तरी. चार मिनिटांची दिसत नाही. ताशी तीन किलोमीटरनं चालताना चार मिनिटांत २०० मीटर होतात, आणि गवतात लपलेल्या कंदीलपुष्पासाठी २०० मीटर म्हणजे दुसरंच टेपाड. कॅमेऱ्याची घड्याळं महिन्याकाठी थोडी थोडी सरकतच असतात. उपाय फुकटचा आहे, दर ट्रेकला पहिला फोटो जीपीएसच्या स्क्रीनवरच्या घड्याळाचा काढायचा, सेकंदासकट. घरी तो फोटो बघायचा, कॅमेरा किती पुढे-मागे आहे ते कळतं, तेवढा फरक जिओसेटर, डिजिकॅम किंवा लाईटरूम यांपैकी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. कमांड लिहायची भीती नसेल तर एक्झिफटूलसारखं दुसरं काही नाही.

दोन रविवार असे काढूनही वाटलं की फोन पुरत नाही, तर घ्या. आणि सह्याद्रीच्या पावसात वाटेलच, कारण ओल्या बोटांनी ओल्या काचेवर टचस्क्रीन ऐकत नाही. ईट्रेक्स २२एक्सला बटणं आणि एक छोटी जॉयस्टिक आहे, भिजल्या हातानंही चालते, पाण्याला दाद देत नाही, उन्हात स्क्रीन उलट जास्त स्पष्ट दिसते. दोन पेन्सिल सेलवर कंपनी २५ तास सांगते. (जाडे सेल, एए, भिंतीवरच्या घड्याळात असतात ते. रिमोटमधले बारके नव्हेत.) मला हेच सगळ्यात आवडतं, सेल संपले तर पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. रिचार्जेबल वापरलेत तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचा आकडा खोटा दाखवतो. केबल मात्र जुन्या जाड टोकाची, मिनी यूएसबी, ती जपून ठेवा.

६५एस चांगलाच आहे, दोन फ्रिक्वेन्सी ऐकतो त्यामुळे कड्यावर आपटून येणारे फसवे सिग्नल त्याला जास्त ओळखता येतात. सांधण दरीसारख्या ठिकाणी, जिथं वर आकाशाची नुसती चिंधी दिसते, तिथं फरक पडेल. पण तुम्ही पठारावर फिरणार, डोक्यावर सगळं आभाळ उघडं, तिथं साधा रिसीव्हरही ५ ते १० मीटरांत जागा सांगतो. मग वरचे पैसे कशाला? त्यात एखादी मॅक्रो लेन्स बघा.

यंत्र घेतलंत की ट्रॅकची नोंद ‘ऑटो’वरून काढून वेळेवर टाका, दर १० सेकंदांनी एक बिंदू. दहा तासांचे ३६०० होतात, जागा भरपूर आहे. आणि ते पँटच्या खिशात नको, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला वर बांधा.

एक न विचारलेलं. खरपुडीचे, म्हणजे या कंदीलपुष्पाचेच, कंद खणून नेणारे लोक आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. फोटो ग्रुपवर टाकताना त्यातलं लोकेशन काढून टाका, मूळ फाईल तुमच्यापाशी राहू दे.

प्रश्न: कळसूबाईच्या माथ्यावर मोबाईलच्या ॲपनं १५८० मीटर दाखवलं, पुस्तकात १६४६ आहे. फोन बिघडलाय का?
- एक वाचक, अकोले

उत्तर: फोन ठणठणीत आहे. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून, आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खड्डा १०० मीटरच्याही वर जातो, जगातला सगळ्यात खोल तोच. गार्मिनसारखी यंत्रं ही दुरुस्ती आपली आपण करतात, काही ॲप करत नाहीत. सेटिंगमध्ये उंचीची दुरुस्ती किंवा ‘जिऑईड’ असं काही दिसलं तर चालू करा. नसेल तर ॲप बदला, फोन नको.