संपत्ती कराच्या भीतीने घेतलेली पॉलिसी

प्रश्न: मी 64 वर्षांचा असून पत्नीसह नाशिकला राहतो. राहता फ्लॅट 1 कोटी 40 लाखांचा, सिन्नरजवळचा भूखंड 60 लाखांचा, मुदत ठेवी 1 कोटी 10 लाख, म्युच्युअल फंड 40 लाख आणि सोने 20 लाख, अशी आमची मालमत्ता आहे. पेन्शन नाही, महिन्याचा 55 हजारांचा खर्च ठेवींच्या व्याजातून भागतो. अतिश्रीमंतांवर संपत्ती कर असावा का, आणि तो आला तर आमचे काय? त्यातून सुटका म्हणून बँकेतील अधिकाऱ्यांनी विमा पॉलिसी सुचवली. वरच्या ठेवींपैकी एक मोडून 12 लाखांचा पहिला हप्ता भरला आणि गेल्या आठवड्यात कागदपत्रे आली. सात वर्षे हप्ते भरायचे असून पंधराव्या वर्षाअखेर 1 कोटी 35 लाखांची हमी आहे. घरही मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकावे का?

उत्तर: आपण कराविषयी विचारले आहे, पण माझी काळजी त्या पॉलिसीची आहे. कागदपत्रे हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. आपले काही दिवस अजून शिल्लक आहेत.

सात हप्त्यांचे 84 लाख होतात आणि ते ठेवी मोडूनच भरावे लागतील. मग ठेवी उरतील 26 लाखांच्या. पहिला हप्ता भरण्याआधी 7 टक्क्यांनी वर्षाला सुमारे पावणेआठ लाख व्याज येत होते, ते पावणेदोन लाखांवर येईल. खर्च मात्र, महागाई सोडून दिली तरी, साडेसहा लाखांच्या पुढेच आहे. म्हणजे सातव्या वर्षानंतर दरवर्षी पाच लाखांची तूट, आणि पॉलिसीचे पैसे हाती येणार वयाच्या 79 व्या वर्षी. तोवर ही तूट म्युच्युअल फंडातून काढून भागवावी लागेल.

हमीच्या रकमेवर परतावा पडतो जेमतेम 4 टक्के, आणि तोही करमुक्त नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता 5 लाखांपेक्षा जास्त असेल, तर मुदतपूर्तीच्या लाभावर कर लागतो. आपला 51 लाखांचा लाभ एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरला जाईल आणि आजच्या दराने 13 ते 14 लाख कर जाईल; परतावा उरेल 3 टक्क्यांच्या आसपास. अस्तित्वात नसलेल्या कराची भीती घालून, आज लागू असलेला कर ज्यावर बसतो अशी पॉलिसी निवृत्त माणसाच्या गळ्यात मारणे मला अक्षम्य वाटते.

आता आपला प्रश्न. भारतातील संपत्ती कर 1957 मध्ये आला आणि 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. अखेरच्या काळात 30 लाखांवरील संपत्तीवर 1 टक्का असा त्याचा दर होता, पण त्यात दागिने, मोटारी, दुसरे घर, शहरी जमीन मोजली जात असे आणि शेअर वगळलेले होते. खरे धनाढ्य स्वतःच्या कंपन्यांतील ज्या शेअरच्या हिश्श्यामुळे धनाढ्य असतात, तोच बाहेर राहिल्याने 2013-14 मध्ये देशभरातून जेमतेम हजार कोटी रुपये जमले. वारशावरील इस्टेट ड्युटी तर 1985 मध्येच गेली. पगारदाराचा कर दरमहा कापला जातो, पण शेअर विकेपर्यंत त्यांच्या वाढलेल्या किमतीवर काहीच द्यावे लागत नाही, आणि पुढच्या पिढीला ते कराविना मिळतात. म्हणून अतिश्रीमंतांवर, शेअर धरून आणि मर्यादा उंच ठेवून, असा कर असावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पण तो आपल्यावर येत नाही. अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये भारतासाठी मांडलेला प्रस्ताव 10 कोटींवरील निव्वळ संपत्तीवर वार्षिक 2 टक्क्यांचा होता. 12 कोटी असणाऱ्याला त्यात वरच्या 2 कोटींवर 4 लाख भरावे लागतील. आपल्या 3 कोटी 70 लाखांवर शून्य.

त्यामुळे घर देऊन टाकण्याचे कारणच उरत नाही. नोंदणी झालेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही, आणि म्हातारपणी स्वतःचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवू नये, मग तो मुलगा कितीही चांगला असो. मृत्युपत्र करा, ते हयातीत केव्हाही बदलता येते.

पॉलिसी परत करण्याचा अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, बँकेतील अधिकाऱ्यांच्या हाती सोपवू नका, आणि तारखेसह पोच घ्या. टाळाटाळ झाल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, नंतर विमा लोकपालांकडे लेखी जावे. परत आलेले 12 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, 8.2 टक्क्यांनी वर्षाला सुमारे 98 हजार येतील, तेही दर तिमाहीला खात्यात.