तोट्याच्या रात्री शटर कोण ओढतं?

"मॅडम, एवढंच सांगा. पोकर हा व्यवसाय आहे की जुगार?"

गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की फोनवरच्या पहिल्या दोन वाक्यांतच तो येणार हे कळतं. विचारणारी बहुतेकदा आई असते. मुलगा इंजिनिअर, चांगली नोकरी, आणि एक दिवस राजीनामा. दिवसा झोपतो, रात्रभर लॅपटॉपसमोर पैसे लावून पत्ते खेळतो. पैसे मिळतात म्हणतो, घरात नवा फ्रिजही आलाय. पण नातेवाइकांनी विचारलं तर काय सांगायचं? स्थळं येतात, तिथे काय लिहायचं?

हल्ली मी याचं उत्तर एका मुलाच्या अनुभवातून देते. त्याची आणि त्याच्या वडिलांची परवानगी आहे. ओळख कळू नये म्हणून नाव देत नाही, काही तपशील बदललेत.

तो आला तेव्हा 27 वर्षांचा होता. पहिल्या दिवशी भरायच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात त्याने 'पोकर' लिहिलं, ते खोडलं आणि वर 'फ्रीलान्सर' लिहिलं. मी पाहिलं, बोलले नाही. अशी खाडाखोड मी जपून ठेवते, ती पुढे कामाला येते.

तक्रार झोपेची होती. दुसरं कारण त्याने उठता उठता सांगितलं: बाबा आठ महिने बोललेले नाहीत. बाबांची रत्नागिरीजवळ हापूसची बाग, दोनशे कलमं.

पहिल्या दोन भेटी त्याने वकिलासारख्या चालवल्या. 2003 साली अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या पोकरच्या जागतिक मालिकेत प्रवेश मिळवला आणि मुख्य स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकले, ही गोष्ट मला या खेळातल्या प्रत्येक मुलाने सांगितली आहे. यानेही सांगितली. "तोही तेव्हा 27 चाच होता, मॅडम." त्या स्पर्धेत 839 जण होते. बाकीच्या 838 जणांचं काय झालं, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही. बाजू मांडणाऱ्या माणसाला प्रतिपक्ष मिळाला की तो आणखी जोरात मांडतो.

पालकांना मी आधीच सांगते, पोकरमध्ये कौशल्य आहे. 'सगळं नशीब' म्हणाल तर मुलगा तिथेच तुमचं ऐकणं सोडेल, कारण त्या एका मुद्द्यावर तो बरोबर आहे. पण ते कौशल्य किती उशिरा दिसतं, हे त्यानेच मला कागदावर मांडून दाखवलं. हातात दोन एक्के आणि समोर दोन राजे असले, तरी पाचातून जवळजवळ एकदा एक्के हरतात. नियमित कमावणारा खेळाडूसुद्धा दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता चारातून एकीपेक्षा जास्त असते. शिवाय डावातून साइट आपला वाटा काढते, त्याला रेक म्हणतात. म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांचा मिळून हिशेब तोट्यातच असतो.

करातही या कमाईची गत वेगळी. एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर आहे. खर्चाची वजावट नाही, यंदाचा तोटा पुढच्या वर्षी दाखवता येत नाही. किराणा दुकानदाराला धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. ऑक्टोबर 2023 पासून साइटवर भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याचा तक्ता इतका नेटका होता की मला कौतुक वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं. प्रत्येक दिवस, प्रत्येक टेबल, प्रत्येक रुपया. चौदा महिन्यांत तो फायद्यात होता. नोकरीएवढा नाही, पण होता.

मी फक्त दोन रकाने वाढवायला सांगितले. बसताना ठरवलेली उठायची वेळ, आणि प्रत्यक्षात उठल्याची वेळ.

तीन आठवड्यांनी तो तक्ता घेऊन आला, काहीसा गोंधळलेला. जिंकत असलेल्या रात्री तो साधारण चार तासांत उठत होता. हरत असलेल्या रात्री नऊ तास, एकदा तर सकाळी दूधवाला आला तरी बसलेला.

"तोट्यात असताना उठत का नाहीस?"

"टेबल चांगलं असतं. कच्चे खेळाडू असतात."

"आणि जिंकत असताना कच्चे खेळाडू नसतात?"

तो हसला. मग हसू ओसरलं.

"तोट्यात उठलास तर काय होईल?"

"काही नाही. दोन-तीन बाय-इन जातील, म्हणजे टेबलावर बसताना लावायचे पैसे. तेवढे धरलेलेच असतात."

"मग?"

यानंतर तो बराच वेळ बोलला नाही. मीही नाही. बावीस वर्षांत मी काही कमावलं असेल तर ते हे, अशा वेळी मदतीला न धावणं. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला.

"मग त्या रात्रीपुरते बाबा बरोबर ठरतात."

सहा जणांच्या टेबलावर रोज रात्री एक सातवा माणूस बसत होता. पैसे त्याच्याकडूनच जिंकायचे होते, आणि तो तर रत्नागिरीत नऊला झोपत होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे. माणसाला प्रसंग जेवढा छळतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलचा त्याचा हट्ट छळतो, असं ते सांगतात. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. 'बाबांना माझं काम पटायला हवं' ही इच्छा. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटेल, आणि वाईट वाटून घेऊन माणूस झोपू शकतो. 'पटायलाच हवं' म्हटलं की झोप उडाली. आमचे पुढचे दोन महिने त्या 'च'वर गेले. ठरलेली वेळ झाली की तोट्यात उठायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बाबांना नाही पटलेलं, आणि मी जेवायला बसतोय." पहिल्या रात्री त्याचे हात थरथरले होते. चौथ्या आठवड्यात तक्त्यातल्या दोन्ही वेळा जवळ आल्या.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की कामाला व्यवसाय म्हणावं का, हे मी इतकी वर्षं चुकीच्या जागी शोधत होते. दुकानदार गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीही रात्री शटर ओढतो आणि घरी जातो. ते शटर ओढता येत नसेल, तर तो माणूस तिथे धंद्यासाठी बसलेला नाही, दुसऱ्या कशासाठी तरी बसलाय. शेअर बाजारात दिवसभर सौदे करणारा, अभिनयाच्या संधीची वाट पाहणारा, पाचव्यांदा एमपीएससीला बसणारा, सगळ्यांना मी आता हे विचारते.

जून 2025 मध्ये बाबा आले. त्या वर्षी मे संपायच्या आतच पाऊस कोकणात उतरला होता, शेवटचा आंबा झाडावरच गेला होता. खुर्चीच्या कडेला बसले, पिशवी मांडीवर. बोलणं लवकरच वाकड्यात गेलं आणि मुलगा म्हणाला, "तुमचं तरी काय वेगळं, बाबा? मोहोर येईल का, टिकेल का, वाशीला दर मिळेल का. तुम्हीपण जुगारच खेळता."

मला वाटलं, आता उठून जाणार. ते म्हणाले, "हो. तसंच आहे ते."

मग माझ्याकडे न बघता सांगू लागले. "तू तिसरीत होतास. फुलकिड्यानी मोहोर खाल्ला. काही राहिलं नव्हतं, मला दिसत होतं. तरी मी तीन फवारण्या जास्तीच्या मारल्या, औषध उधारीवर आणून. तुझे आजोबा म्हणत होते बाग सोड, मुंबईला जा, चुलत्याकडे नोकरी आहे. त्यांना दाखवायचं होतं मला. चार वर्षं फेडत होतो ते."

मुलाला हे माहीत नव्हतं. "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? मेलेल्या मोहोरावर औषध मारलं म्हणून?"

माझ्या खोलीत अशी दुपार वर्षातून एखादी येते. मी काहीच केलं नाही, फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दोघं सोबत खाली गेले, तेव्हा पिशवी मुलाच्या हातात होती.

बाबांना पोकर पटलं नाही. मी पटवायलाही गेले नाही. त्यांना एकच गोष्ट सांगितली, ती प्रत्येक पालकाला सांगते: 'आज किती मिळाले?' असं रोज विचारू नका. रोजचा आकडा विचारलात की मुलगा प्रत्येक रात्र तुम्हाला दाखवण्यासाठी जिंकायला बघेल. आठवड्यातून एकदा विचारा, तेही कमाईबद्दल नाही. ठरल्या वेळी उठतोस का? वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात आहे का? खेळायचे पैसे संपले तर थांबणार आहेस का, की कुणाकडून घेणार? उत्तरं सरळ आली तर तुमच्या काळजीला आधार कमी आहे.

उत्तरं चुकवली जात असतील तर मात्र करिअरची चर्चा बंद करा. लोन ॲपचे फोन, मित्रांची उधारी, दागिना मोडणं, गेलेले पैसे परत आणण्यासाठी आणखी मोठा डाव, आणि खोटं बोलणं. ही चिन्हं म्हणजे आजार आहे, आणि 2013 पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारू-ड्रग्जच्या व्यसनांसोबत ठेवलेला आहे. त्याला उपदेश चालत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. कुठे जायचं कळत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं. आणि कर्ज एकदा गुपचूप फेडून टाकायची चूक करू नका. आया ती हमखास करतात, पोटातल्या मायेने करतात, आणि मुलाला तो पुढच्या डावाचा पैसा वाटतो.

बाबा येऊन गेल्यावर दोनच महिन्यांनी प्रश्नाचं रूप बदललं. 22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. आता आया विचारतात, "तो व्हीपीएन लावून, म्हणजे आपलं ठिकाण लपवून, परदेशी साइटवर खेळतो, पोलीस येतील का?" या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा पोलिसांची भीती घालू नका, ती खोटी ठरली की तुमचं पुढचं खरंही तो ऐकणार नाही. खरं सांगायचं ते हे, की तिथे पैसे अडकले तर दाद मागायला दार नाही. आणि जे काम लपवून करावं लागतं, त्यात शटर ओढायची वेळ पाळणं आणखी कठीण. कुणी गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोंत जाऊन खेळेन म्हणतं, तिथला कायदा निराळा आहे. मी पुन्हा तेच दोन रकाने हातात देते.

त्या तक्तेवाल्या मुलाने टेबलं बंद झाली त्या संध्याकाळी फोन केला होता. रडेल असं वाटलं होतं. "दोन दिवस झोपतो, मग बघतो," म्हणाला. आणि खरंच झोपला.

सध्या तो नोकरीसाठी मुलाखती देतोय. मधल्या दोन वर्षांबद्दल विचारलं तर 'पोकर खेळत होतो' असं सांगतो, एका ठिकाणी त्यावर अर्धा तास गप्पा झाल्या, नोकरी नाही मिळाली. ऑक्टोबरमध्ये बाबांचा फोन आला.

"मॅडम, नोकरीचं काय झालं, हे त्याला विचारलं तर चालेल ना?"

"चालेल की. पण रोज नको."

"मग रविवारी विचारतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.