मारलं नाही, तर ‘अर्पण केलं’ कसं?

वडगाव शेरीच्या एका संडे स्कूल शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दिवसांत त्या मुलांकडून अब्राहाम-इसहाकाचा नाट्यप्रवेश बसवून घेत होत्या. शेवटी निवेदकाने बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं (11:17) वाक्य म्हणायचं होतं : ‘अब्राहामाने विश्वासाने इसहाकाचे अर्पण केले.’ तालमीत एका नऊ वर्षांच्या मुलीने हात वर केला. “टीचर, इसहाक तर जिवंत घरी गेला. मग अर्पण केलं कसं? करणार होता असं पाहिजे ना?” बाई विचारतात, वाक्य बदलून ‘अर्पण करायला निघाला’ असं करावं का? आणि मुळात तिथे ‘बळी’ हा शब्द हवा होता का?

वाक्य बदलू नका. मुलीने मात्र नेमकी जागा पकडली आहे, आणि तिचं उत्तर द्यायलाच हवं.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी : बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात, देव अब्राहामाला सांगतो, म्हातारपणी झालेला हा मुलगा घेऊन मोरिया देशात जा आणि तिथल्या डोंगरावर त्याचं होमार्पण कर. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. वेदी रचून होते, मुलगा बांधून होतो, सुरा उचलला जातो आणि तेवढ्यात हाक येते : थांब. झुडपात शिंगं अडकलेला एक एडका दिसतो आणि मुलाच्या जागी तो जातो.

मुलीची शंका काळाची आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये तिथेच मौज आहे. त्या एका वचनात ‘अर्पण करणे’ हे क्रियापद दोनदा येतं, दोन वेगवेगळ्या काळांत. आधी पूर्ण : अर्पण केलेलं आहे, होऊन चुकलेलं आहे. लगेच पुढे अपूर्ण : आपला एकुलता एक पुत्र तो अर्पण करत होता. लिहिणाऱ्याला इसहाक वाचला हे ठाऊक नव्हतं असं नाही. अब्राहामाकडून व्हायचं ते पूर्ण झालं होतं. सुऱ्याकडून व्हायचं ते अर्ध्यावर थांबलं. दोन्ही खरं, म्हणून दोन्ही काळ. ‘करायला निघाला’ असं केलंत तर पहिला अर्धा भाग पुसला जाईल, आणि सगळं वजन त्यातच आहे.

आता ‘अर्पण’ आणि ‘बळी’. अर्पण हा शब्द ‘ऋ’ म्हणजे जाणे या धातूच्या प्रयोजक रूपातून येतो : जायला लावणे, पोचवणे, हवाली करणे. ग्रीक क्रियापद आहे ‘प्रोस्फेरो’, म्हणजे जवळ नेणे. उत्पत्तीतल्या होमार्पणाचा हिब्रू शब्द ‘ओला’ म्हणजे वर चढणारं. मध्ययुगातला ज्यू भाष्यकार राशी तर म्हणतो की देवाने ‘त्याला कापून टाक’ असं सांगितलंच नव्हतं, ‘वर चढव’ असं सांगितलं होतं. अर्पणासाठीचा दुसरा हिब्रू शब्द ‘कोर्बान’, तोही जवळ येणे या धातूतला. आपली ‘कुर्बानी’ आणि आपलं ‘करीब’ ही याच शब्दाची अरबीतून आलेली भावंडं. म्हणजे हे सगळे शब्द वाटचालीचे आहेत. कापण्याचं वेगळं क्रियापद त्या अध्यायात आहे. मुलाच्या बाबतीत ते दहाव्या वचनात येतं, तेही ‘मारण्यासाठी सुरा घेतला’ एवढ्यापुरतं.

‘बळी’सुद्धा मुळात रक्ताचा शब्द नव्हे. काकबळी म्हणजे कावळ्याला ठेवलेला घास, आणि जुन्या संस्कृतात राजाला द्यायचा करही बलीच. पण आजच्या मराठीत बळी म्हटलं की जीव गेलाच, मग तो वेदीवर असो की ‘घाटातल्या अपघातात तीन बळी’ या बातमीत. इथे तो शब्द घातला तर मुलीची शंका दुप्पट होईल. ‘त्याग’ही पुरा पडत नाही. त्याग म्हणजे सोडणं. कुणासाठी सोडलं हे न सांगताही वाक्य पुरं होतं. अर्पणाला घेणारा लागतो. ‘कुणाला?’ हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे.

मी पुण्याच्या गुरुवार पेठेत वाढलो, पवित्र नाम देवालय या चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरावर. वाड्यात आमचं एकच ख्रिस्ती बिऱ्हाड. शेजारच्या आजींनी म्हातारपणी आपली पितळेची मोठी परात पुतणीला देऊन टाकली. पुतणी मुंबईला, तिला न्यायला सवड होईना. वर्षभर परात आजींच्याच फळीवर चकचकीत उभी होती. एकदा दिवाळीत माझ्या आईने ती मागितली तर आजी म्हणाल्या, “माझी नाही गं आता. तुळशीपत्र ठेवलंय मी तिच्यावर.”

‘अर्पण केले’चा अर्थ मला त्या परातीपाशी कळला. दान देताना वस्तूवर तुळशीचं पान ठेवून पाणी सोडतात आणि त्या क्षणी देणाऱ्याचा हक्क संपतो. वस्तू घरातून हलो वा न हलो. इसहाक डोंगर उतरून बापाबरोबर घरी आला असेल, पण अब्राहामाने त्याच्यावर तुळशीपत्र ठेवलेलं होतं. परत मिळाला तो दिलेला मुलगा.

हाच वाक्प्रचार दावीद राजाच्या गोष्टीला तर अंगरख्यासारखा बसतो (2 शमुवेल 24). मरी थांबावी म्हणून दावीदाला वेदी बांधायची आहे. जागेचा मालक अरवना म्हणतो, खळं घ्या, बैल घ्या, जळणाला आऊतही घ्या, सगळं तुमचंच. राजा नाही म्हणतो : ज्याला मला काही खर्च पडला नाही असं होमार्पण मी माझ्या देवाला करणार नाही. पन्नास शेकेल चांदी मोजून तो खळं आणि बैल विकत घेतो. मराठीत याला नेमकी म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दावीद तेच करायला नकार देतो. आणि 2 इतिहास 3:1 सांगतं की ते खळं मोरिया डोंगरावरच होतं.

अब्राहामाकडे हे बळ कुठून आलं, याचं उत्तर उत्पत्तीच्या त्या अध्यायातल्या दोन साध्या क्रियापदांत आहे : ऐकणे आणि बघणे. शेवटी देव म्हणतो, तू माझा शब्द ऐकलास. हिब्रूत ‘शामा’ म्हणजे कानांनी ऐकणं आणि तेच मानणं. आपणही मुलाला ‘ऐक माझं’ म्हणतो तेव्हा कानांबद्दल बोलत नसतो. आणि वाटेत इसहाक विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठंय? बाप म्हणतो, देव बघेल. हिब्रू क्रियापद अक्षरशः ‘पाहणे’ हेच आहे, आणि पुढे त्या जागेचं नावही त्यावरूनच पडतं. इंग्रजीला इथे ‘पुरवठा करील’ वगैरे काहीतरी शोधावं लागतं. आपल्याला नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसाला मोठा भाऊ येऊन म्हणतो, “तू काळजी करू नकोस, मी बघतो.” काय बघणार, कसं बघणार, काही सांगत नाही. तरी बसलेल्याचे खांदे सैल होतात. अब्राहामाला तरी डोंगरावर काय मिळणार याची कुठे कल्पना होती?

एडका दर वेळी येत नाही, हेही मुलांना कधीतरी सांगावं लागेल. पंडिता रमाबाईंनी इथून जवळच, दौंड तालुक्यातल्या केडगावात, हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत उतरवलं. त्यांना एकच मुलगी, मनोरमा. मुक्तिसदनाचा, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमाचा, भार तीच पुढे उचलणार होती. 1921 साली ती गेली. रमाबाई त्यानंतर भाषांतराचंच काम करत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. मनोरमेला त्यांनी लहानपणापासून देवाच्या कामासाठी देऊन टाकलं होतं, आणि तिला परत देणारी हाक आली नाही. तरीही त्या कामावर बसल्या. ‘भरवसा’ हा शब्द मी कुठे वाचला की मला हे वर्ष आठवतं.

तर बाई, वाक्य आहे तसंच ठेवा. फक्त अर्ध्यावर तोडू नका. ‘अर्पण केले’नंतर थोडं थांबून ‘तो आपला एकुलता एक पुत्र अर्पण करत होता’ हेही म्हणवून घ्या. अगदी लहान मुलांसाठी सोपं हवं असेल तर ‘देवाच्या हवाली केलं’ चालेल, अर्थ ढळत नाही. आणि निवेदन त्या हात वर करणाऱ्या मुलीलाच द्या.